सुकलालमामाचा कबुलीजबाब

आमच्या घरात गप्प राहण्याचा हक्क मनापासून बजावणारा माणूस एकच होता, तो म्हणजे माझे वडील. नाना सुरतेच्या पांडेसऱ्यातल्या एका कापड छपाईच्या मिलमध्ये बॉयलरवर कामाला होते. दिवसभर वाफेच्या आवाजात उभं राहून त्यांना बहुधा कळून चुकलं होतं की आपण काही बोललो तरी ते कोणाला ऐकू जाणार नाही. घरी आले की हातपाय धुवायचे, भिंतीला टेकून बसायचे आणि ताट पुढे आलं की जेवायचे. शेवभाजीत माय मीठ विसरली तर ते मीठ मागत नसत; नुसते ताटाकडे बघत राहत, आणि मग माय स्वतःच चाखून बघे. त्यांच्या शेजारी, त्यांच्याच ताटाला ताट लावून, माझा सुकलालमामा जेवायला बसायचा. मामा बोलत नसे अशी एकच वेळ, तोंडात घास असतानाची. आणि त्यामुळे तो घास फार लहान घ्यायचा.

मामा म्हणजे मायचा धाकटा भाऊ. नानांनीच त्याला गावाहून आणून मिलच्या फोल्डिंग खात्यात चिकटवला होता. छापून सुकलेलं कापड मोजायचं, घड्या घालायच्या आणि ताके, म्हणजे कापडाचे तागे, बांधायचे, हे त्याचं काम. दिवसभर नायलॉन-पॉलिएस्टर हाताळून त्याच्या हातावरचे केस कायम उभे असायचे. त्याला हात लावला की बारीक झटका बसायचा, आणि गल्लीतली लेकरं मुद्दाम लावायला यायची. लग्न झालं नव्हतं. बोलता बोलता वय निघून गेलं, असं माय म्हणायची.

डिंडोलीतलं आमचं घर दोन खोल्यांचं, वर पत्रे. मागच्या गल्लीत लूम चालायचे, त्यांची खटखट इतकी अंगवळणी पडली होती की वीज गेली आणि ती थांबली की पाहुणे सोडून घरातले सगळे दचकायचे. घरात अहिराणी, गल्लीत हिंदी, दुकानात गुजराती. शेजारच्या कांताबेन वाटीभर गोड डाळ पाठवायच्या. माय ती कौतुकाने ठेवून घ्यायची आणि दार लावल्यावर विचारायची, "हाई दाय शे का खीर?" मग त्यात ठेचा कालवून आम्हाला वाढायची. त्या घरात मी कायद्याचा अभ्यास करत होते. मराठी शाळेत शिकलेली मुलगी, कॉलेजात आल्यावर कायद्याची पुस्तकं गुजरातीत. डोक्यात शिरावीत म्हणून मी मोठ्याने वाचायची, आणि दोनच खोल्या असल्यामुळे अख्खं घर कायदा शिकत होतं. एकदा मी आरोपीचे हक्क पाठ करत होते. अटकेचं कारण कळण्याचा हक्क, वकिलाशी बोलण्याचा हक्क, चोवीस तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे उभं राहण्याचा हक्क. माय भाकरी थापता थापता म्हणाली, "आरोपीले इतला हक्क शेतस. आनि मायना हक्क कोन्ता पुस्तकमा शेतस?" मामाला मात्र कायदा आवडायचा. त्याच्या मते तो गोष्टींसारखाच होता, फक्त त्यात माणसांची नावं नव्हती. प्रत्येक कलमाला तो गावातला एखादा माणूस जोडून द्यायचा, आणि मी परीक्षेत त्या माणसांच्या भरवशावर पास व्हायची.

आता मागे वळून बघताना वाटतं, त्या एका वर्षात मी कॉलेजात जे शिकले त्याला पुढे फारसा धक्का लागला नाही. सगळं खरंच होतं. फक्त ते खरं असायला किती माणसांना एकाच वेळी आपापली खुर्ची नीट सांभाळावी लागते, हे पुस्तकात लिहिलेलं नव्हतं.

मामा संध्याकाळी ओट्यावर बसला की चार माणसं जमायची. त्याच्या गोष्टींत एक गोष्ट फार लोकप्रिय होती: मिलच्या गेटमधून ताका बाहेर कसा काढावा. मामाने आयुष्यात गेटमधून सुईसुद्धा काढली नव्हती, पण गोष्ट तपशीलवार होती. आधी जेवण कमी करून महिनाभर बारीक व्हायचं. मग बनियनवर साडीचं कापड गुंडाळायचं, वरून शर्ट, आणि वॉचमनसमोर पोट सोडून चालायचं. वॉचमनला वाटतं, सुकलालला सुरत मानवली. लोक हसायचे. त्याच सुमारास मिलमधून छापील साड्यांच्या कापडाचे काही ताके गायब झाले. शेठने फिर्याद दिली आणि पोलिसांनी विचारपूस सुरू केली, तेव्हा हसलेल्यांपैकी कोणाला तरी ती गोष्ट आठवली.

दोन शिपाई आले तेव्हा दिवेलागण होत होती. "पाच मिनिटनुं काम छे," एवढंच म्हणाले. मामाने शर्ट घातला, केस विंचरले आणि जाताना मायला सांगितलं, भाकरी झाकून ठेव. त्याच्या चालीत घाबरल्याचं काही नव्हतं. खरं तर नवीन माणसं भेटणार म्हणून तो जरा खुशीतच होता.

भाकरी तशीच राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि नाना पोलीस ठाण्यात गेलो. मी वाटेत वाक्य जुळवून ठेवलं होतं. टेबलामागच्या जमादाराला मी विचारलं, माझ्या मामांना कोणत्या कारणासाठी अटक केली आहे, ते कळण्याचा आम्हाला हक्क आहे. त्याने माझ्याकडे आणि मग नानांकडे पाहिलं, आणि फार सभ्यपणे म्हणाला, "बेन, धरपकड कोणे करी? ए तो मेहमान छे." अटकच झाली नव्हती, तेव्हा अटकेचं कारण कुठून असणार. आतल्या खोलीचं दार उघडं होतं. मामा बाकावर बसला होता, हातात चहाचा पेला, आणि त्याच्याभोवती तीन पोलीस उभे राहून ऐकत होते. आम्हाला बघून त्याने हात हलवला. मला जरा लाज वाटली, की आपण उगाच हक्काबिक्काची भाषा केली.

मेहमानाचा पाहुणचार तो सगळा दिवस चालला. तिसऱ्या दिवशी कागदावर अटक झाली, आणि तिथून चोवीस तास मोजायला सुरुवात झाली. पोलिसांनी चोवीस तासांचा नियम काटेकोर पाळला, हे मला मान्यच करावं लागेल.

कॉलेजातल्या एका सरांनी मला ठाकोरभाई वकिलांकडे पाठवलं. ठाकोरभाई बुटके, वयस्कर, काळा कोट मानेपाशी हिरवट झालेला. बोलायचे सगळं गुजरातीत, इथे मी ते माझ्या भाषेत मांडते. कोर्टाच्या आवारात लिंबाच्या झाडाखाली त्यांचं टेबल होतं. त्यांनी सांगितलं, "तुझ्या मामांनी सगळं कबूल केलंय. पोटाला कापड गुंडाळून नेलं, बारीक होण्यासाठी काय खाल्लं, सगळं."

"पण पोलिसांपुढे दिलेली कबुली कोर्टात चालत नाही," मी म्हणाले. हे मला तोंडपाठ होतं. पोलिसपाटील आणि त्यांचं दावं सोडलेलं वासरू, अशी मामाने त्या कलमाला गोष्ट लावून दिली होती.

"नाही चालत. पोलिसांनाही ते ठाऊक आहे," ठाकोरभाई म्हणाले. "म्हणून आता ते त्यांना मॅजिस्ट्रेटपुढे कबूल करायला लावतील. ती मात्र चालते."

त्या दिवशी मामाला कोर्टात उभं केलं तेव्हा मॅजिस्ट्रेटसाहेबांनी विचारलं, पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का. साहेब चष्मा लावलेले, सर्दी झालेले, कागदांच्या ढिगामागे अर्धे झाकलेले. मामाने हात जोडले आणि म्हणाला, "ना साहेब. बहु सारा माणस छे." म्हणजे फार चांगली माणसं आहेत. ठाकोरभाईंनी जामीन मागितला. सरकारी वकील म्हणाले, आरोपी सगळं सांगतोय, पण माल अजून मिळालेला नाही, तो काढून द्यायला पोलीस कोठडी हवी. साहेबांनी कोठडी दिली. कायद्याने जे व्हायला पाहिजे ते सगळं झालं होतं. पोलीस मामाला घेऊन गेले, आणि मामा जाताना त्यातल्या एकाला काहीतरी सांगत होता.

पुढचे दिवस घरात फार शांतता होती. माय रोज मामाच्या वाटणीची भाकरी करायची आणि ती कोणी खायची नाही. लूमचा आवाज मला तेव्हा पहिल्यांदा कानात बोचला. नाना कामावरून आले की भिंतीला टेकण्याऐवजी ओट्यावर, मामाच्या जागी जाऊन बसायचे. माणसं यायची, दोन मिनिटं थांबायची आणि निघून जायची.

मग कळलं की मामाने मॅजिस्ट्रेटपुढे कबुलीजबाब द्यायची तयारी दाखवली आहे. असा जबाब लगेच घेत नाहीत. आरोपीला आधी पोलिसांपासून दूर, तुरुंगात ठेवतात, नीट विचार करायला वेळ देतात. पुस्तकात हे वाचताना मला वाटलं होतं, किती दूरदर्शी माणसांनी हे लिहिलं असेल. ठाकोरभाई म्हणाले, चल, त्या वेळातच त्यांना भेटून घेऊ.

तुरुंगात भेटीच्या खोलीत मध्ये जाळी होती. मामा आला तो पावलांच्या कडांवर चालत आला, जसं माणूस उन्हात तापलेल्या पत्र्यावर चालेल. मी विचारलं, "मामा, चप्पल कोठे गई?"

"पाय जात नही तिन्हामा," तो म्हणाला. आवाज नेहमीचाच होता. जाळीला धरून उभा राहिला. मी काही विचारण्याआधीच त्याने सुरुवात केली, पण या वेळी हातवारे नव्हते. पहिले दिवस चांगले गेले. फौजदार म्हणाला, सुकलाल, तुला सगळं ठाऊक आहे म्हणे, सांग. मामाने ओट्यावरची गोष्ट सांगितली. ऐकणारे चांगले होते म्हणून थोडी लांबवलीही. वाटलं, हसतील आणि सोडतील. कोठडीत नेल्यावर त्यांनी विचारलं, माल कुठे आहे. आता गोष्टीत माल कुठे ठेवलाय, याचा मामाने कधी विचारच केला नव्हता. तो म्हणाला, उधन्याच्या एका गोदामात. त्यांनी गोदाम उलटंपालटं केलं. मग म्हणाला, खाडीकाठच्या पाइपात. तिथेही काही नव्हतं. परत आल्यावर त्याला जमिनीवर बसवून पाय बाकाला बांधले.

"चूप बसनू की मारेत," मामा म्हणाला, "बोलनू की थांबेत. मंग मी बोलतच ऱ्हायनू, पोरी. ज्या ज्या गावना नाव याद उनात त्या समदा सांगी टाकात."

ठाकोरभाईंनी चष्मा पुसायला काढला आणि बराच वेळ पुसत राहिले. मामा पुढे सांगत होता. फौजदाराने सांगितलंय, हेच साहेबांपुढे सांग, थोडा दंड होईल आणि घरी जाशील. नाही सांगितलंस तर तू आहेस आणि आम्ही आहोत.

मी त्याला सांगितलं की असं नाही. उद्या तू साहेबांपुढे म्हणालास की मला कबुली द्यायची नाही, तर साहेब तुला पोलिसांच्या ताब्यात देऊच शकत नाहीत. तसं कलम आहे. त्या खोलीत एकही पोलीस नसेल, तेही कलम आहे. मी बोलत होते आणि मामा माझ्याकडे असा बघत होता, जसं लोक ओट्यावर त्याच्याकडे बघायचे.

"हाई पुस्तकमा शे," त्याने विचारलं, "का खरं शे?"

मी त्याच्या पायांकडे बघत होते. कलम चुकलं, किंवा साहेब चुकले, तर परीक्षेत माझे गुण जाणार नव्हते. ते पाय परत त्या बाकाला बांधले जाणार होते. मी ठाकोरभाईंकडे पाहिलं.

"पुस्तकात आहे," ठाकोरभाई म्हणाले. "ते खरं करायचं की नाही, हे उद्या साहेब ठरवतील. पण हे साहेब पुस्तक उघडून बघणारे आहेत. एवढंच मी सांगू शकतो." मग त्यांनी मामाला विचारलं, पायांबद्दल साहेबांना सांगायचं आहे का. सांगितलं तर डॉक्टर बोलावतील, चौकशी लागेल. डॉक्टर येईपर्यंत सूज राहील का, सांगता येत नाही. आणि सुटल्यावर काम त्याच पांडेसऱ्यात, त्याच ठाण्याच्या हद्दीत करायचं आहे. त्यांनी सल्ला दिला नाही, फक्त परिस्थिती सांगितली. पुढे आयुष्यभर मीही अशिलांना अशीच परिस्थिती सांगत आले.

"नको," मामा म्हणाला. "माले एकच वाक्य द्या. दोन दिधात तर मी त्यास्नी गोष्ट करसू."

मग आम्ही त्याला एक वाक्य दिलं. 'मारे कंई कहेवुं नथी.' मला काही सांगायचं नाही. मामाने ते म्हणून पाहिलं. पहिल्यांदा म्हणाला, "मारे कंई कहेवुं नथी साहेब, कारण के..." मी म्हणाले, कारण नको. दुसऱ्यांदा म्हणाला, "साहेब, तमे मोटा माणस, मारे कंई..." ठाकोरभाई म्हणाले, मोठेपणाही नको. भेटीची वेळ संपेपर्यंत तो ते वाक्य घासूनपुसून लहान करत होता. वॉर्डर त्याला घेऊन गेला तेव्हा त्याचे ओठ हलत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी साहेबांच्या दालनाचं दार बंद झालं आणि मामा आत गेला. आम्ही बाहेर, आणि फौजदारही बाहेर, कारण कायद्याने त्यालाही आत जागा नव्हती. तो माझ्याच बाकावर बसला. धिप्पाड, हसतमुख माणूस. त्याने खिशातून शेंगदाण्याची पुडी काढली आणि आधी माझ्यापुढे धरली. मी नको म्हणाले. "तमारा मामा," तो म्हणाला, "वात बहु सरस करे छे." गोष्टी फार छान सांगतात म्हणे, आणि तो खरंच कौतुकाने बोलत होता. मी तेव्हापासून बरेच निर्दय लोक पाहिले, आणि त्यातले बहुतेक स्वभावाने वाईट नव्हते.

आतून साहेबांचा आवाज येत होता, एकेक प्रश्न, मध्ये शिंक. मामाचा आवाज येत नव्हता. मामा बोलतोय आणि भिंतीपलीकडे ऐकू येत नाही, असं मी जन्मात अनुभवलं नव्हतं. मला वाटलं, तो चक्कर येऊन पडला असावा. नंतर त्याने स्वतःच सांगितलं काय झालं ते. साहेबांनी नाव विचारलं, ते त्याने सांगितलं. साहेब म्हणाले, कबुली द्यायला तू बांधलेला नाहीस, दिलीस तर ती तुझ्याविरुद्ध वापरली जाईल. तुला काही सांगायचं आहे का? मामाने आपलं वाक्य म्हटलं. साहेबांनी विचारलं, कोणी धमकावलं? कोणी मारलं? मामाने तेच वाक्य म्हटलं. साहेब उठून टेबलाच्या पुढे आले, त्याच्या अनवाणी पायांकडे पाहिलं आणि पुन्हा विचारलं. पुन्हा तेच वाक्य. शेवटी त्यांनी विचारलं, पाणी पाहिजे का. मामा म्हणाला, मारे कंई कहेवुं नथी. साहेबांनी स्वतःच्या हाताने पेला भरून त्याच्या हातात दिला.

दार उघडून शिपाई बाहेर आला आणि फौजदाराला म्हणाला, "ना पाडे छे." नाही म्हणतोय. साहेबांनी आदेश दिला होता, आरोपीला तुरुंगात परत न्या, पोलिसांकडे नाही. पुस्तक खरं झालं होतं. फौजदाराने उरलेले दाणे तोंडात टाकले, हात झटकले आणि निघून गेला. मी त्याच बाकावर बसून रडले, आणि ठाकोरभाई लिंबाखालच्या आपल्या टेबलाकडे गेले, कारण त्यांचं दुसरं काम होतं.

जामीन झाला. हमीदार म्हणून नाना उभे राहिले. साहेबांनी विचारलं, हा पळून तर जाणार नाही ना? नानांनी मामाकडे पाहिलं. मग म्हणाले, "गेला तर सांगून जाईल." कोर्टात हसू उठलं. नानांना ते का, कळलं नाही. ते खरं तेच सांगत होते.

कापड पावसाळ्याच्या आधी सापडलं. ते चोरीला गेलंच नव्हतं. टेम्पोवाल्याने दुसऱ्या मालाबरोबर ते ताके पलसाण्याच्या एका रंगाई कारखान्यात उतरवून दिले होते, आणि ते तिथे कोणाच्या तरी गठ्ठ्यांखाली पडून होते. शेठने पोलिसांना कळवलं, पोलीस म्हणाले चौकशी करू, आणि चौकशीनंतर कोर्टात अहवाल जायचा होता. मधल्या काळात मामा तारखांना जात राहिला, न झालेल्या चोरीचा आरोपी म्हणून. मिलने त्याला परत कामावर घेतलं, पण फोल्डिंगमध्ये नाही. ओट्यावर तो बसायचा, माणसं यायची, आणि तो दुसऱ्यांच्या गोष्टी ऐकायचा. त्याला ते जमत नव्हतं, हे त्याच्या तोंडावर दिसायचं.

शेवटी एकदा कोर्टाचा आदेश आला. मी त्याची नक्कल काढून घरी आणली. संध्याकाळ होती, माय वरण-बट्टी करत होती. मी वाचून दाखवलं: गैरसमजातून फिर्याद झाली होती, कोणताही गुन्हा घडलेला नाही, सबब प्रकरण बंद. मायने परातीतून हात काढून कपाळाला लावला. नाना भिंतीला टेकून बसले होते, त्यांनी मान हलवली.

मामाने कागद हातात घेतला. त्याला गुजराती वाचता येत नव्हतं, तरी तो वरपासून खालपर्यंत बोट फिरवत गेला.

"म्हंजे चोरी झायीच नही, आसं लिखेल शे?"

"हो, मामा."

"मंग मार झाया," तो म्हणाला, "तो कोठे लिखेल शे?"

मी म्हणाले, कुठेच नाही. त्याने परत एकदा बोट फिरवून पाहिलं, माझ्यावर विश्वास नव्हता म्हणून नाही, तर वाचणाऱ्याच्या नजरेतून एखादी ओळ सुटू शकते म्हणून. मग कागद माझ्याकडे दिला आणि पाय जवळ ओढून घेऊन बसला. थोड्या वेळाने नाना उठले. ज्या माणसाने कधी स्वतःसाठी मीठ मागितलं नव्हतं, तो चुलीपाशी गेला आणि म्हणाला, "सुकलालले पहिले वाढ."